पैसे घ्यायला सही लागत नाही

सांगलीत बँकेच्या काउंटरवर मी ३२ वर्षं काढली. निवृत्त झाल्यापासून सकाळचे दोन तास भाच्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. चहा होतो, पेपर होतो, घरचेही तेवढा वेळ मोकळे होतात. गिऱ्हाइकाचा प्रश्न फोनचा असला की भाचा बघतो, पैशांचा असला की म्हणतो, "मामा, हे तुमच्या टेबलावरचं."

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ टेम्पर्ड ग्लास बसवायला आले होते. घरातली जुनी लोखंडी कॉट विकायची म्हणून त्यांनी ऑनलाइन जाहिरात टाकली होती. ग्लास बसवून होतोय न होतोय तोच फोन वाजला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. मी लष्करात आहे, बदली झाली आहे, कॉट न बघताच घेतो, चार हजार आत्ताच पाठवतो, क्यूआर कोड पाठवलाय तो उघडा म्हणजे पैसे जमा होतील. गृहस्थांनी कोड उघडला आणि आमच्याकडे वळून विचारलं, "इथं पिन टाकायचा ना?" भाच्याने हातातला चिमटा टाकला आणि त्यांचा अंगठाच धरला.

त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो. बँकेत पैसे भरायला आलेल्या माणसाची सही आम्ही कधी जुळवून बघितली नाही. तुमच्या खात्यात कुणीही पैसे भरावेत, स्लिपवरचा खातेक्रमांक बरोबर असला की काम झालं. नमुना सहीचं कार्ड कपाटातून बाहेर निघायचं ते विड्रॉल स्लिप समोर आली की. यूपीआय पिन म्हणजे तुमची सही. पैसे आत येताना ती कुणी मागत नाही. 'घेण्यासाठी' पिन टाका असं सांगणारा माणूस तुमच्याकडून विड्रॉल स्लिपवर सही घेत असतो, आणि रक्कम त्याने आधीच लिहिलेली असते.

शिल्लक बघताना आणि ऑटोपे, म्हणजे आपोआप जाणारे हप्ते, मंजूर करतानाही पिन मागतात, तेवढं लक्षात असू द्या. पैसे यायचे असतील तेव्हा मात्र तुम्ही काही न करणं हेच तुमचं काम. पूर्वी अनोळखी माणूस तुमच्याकडे पैशांची 'मागणी' पाठवायचा आणि लोक घाईत ती मंजूर करून बसायचे. व्यक्ती-व्यक्तींमधली ही मागणीची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. बरं झालं. क्यूआरची युक्ती मात्र चालूच आहे.

हा पिन राहतो कुठे?

यूपीआय २०१६ साली सुरू झालं. ते चालवते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही संस्था. आपण जी रंगीबेरंगी अ‍ॅप वापरतो ती फक्त दुकानाची दर्शनी बाजू. पिन टाकायचं पान त्या अ‍ॅपच्या आत दिसत असलं तरी ते असतं कॉर्पोरेशनचं. आकडे तिथेच कुलूपबंद होऊन तुमच्या बँकेकडे जातात. अ‍ॅपवाल्या कंपनीलाही ते दिसत नाहीत. म्हणूनच "मी अ‍ॅपच्या ऑफिसातून बोलतोय, तुमचा पिन तपासायचाय" असं म्हणणारा खोटा असतो. त्याला तपासायला काही दिसतच नाही.

पण नुसता पिन कुणाला कळला तरी तो त्याच्या फोनवरून तुमचे पैसे काढू शकत नाही. यूपीआय सुरू करताना तुमचा फोन तुमच्या सिममधून गुपचूप एक एसएमएस पाठवतो, आठवतंय का? त्या एसएमएसने हा नंबर आणि हा फोन यांची गाठ बांधली जाते. मग डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख देऊन, किंवा आधारच्या ओटीपीने, पिन ठरवायचा. थोडक्यात सिम, फोन आणि पिन हे तिघं एकत्र आले की खातं उघडतं. सिम बदललं किंवा फोन बदलला की अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारतं, त्याचं कारण हेच. त्यावर चिडू नका, ते तुमच्याच भल्याचं आहे.

त्यामुळे बहुतेक ठगांना तुमचा फोन 'हॅक' करायची गरज पडत नाही. तिन्ही गोष्टी तुमच्याच हातात असतात. ते फक्त तुमचा हात हलवतात.

"कटले, पण पोचले नाहीत"

दुकानात सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आमच्या वेळी दुसऱ्या शाखेचा हिशोब जुळला नाही की रक्कम सस्पेन्स खात्यात, म्हणजे न जुळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात, पडून राहायची. इथेही तसंच होतं. तुमच्या बँकेने रक्कम वजा केली, समोरच्या बँकेचं "मिळाली" असं उत्तर वेळेत आलं नाही, की व्यवहार लटकतो.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याची मुदत ठरवून दिली आहे. माणसाला पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिले असतील तर पाच दिवसांत. त्याहून उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई, आणि ती न मागता मिळायला हवी. हे शंभर रुपये मागून घेतलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. लोक मूळ रक्कम आली यातच खूश असतात.

व्यवहार 'प्रलंबित' दिसत असताना लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. पेट्रोल पंपावर मागे रांग लागलेली असते, पोरगा घाई करतो, माणूस पुन्हा पैसे देतो आणि मग दोन्ही जातात. व्यवहारावर बोट ठेवलं की बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, दिसतो, तो लिहून ठेवा. तक्रार अ‍ॅपमधूनच करता येते, नाहीतर बँकेत. तीस दिवसांत निकाल लागला नाही किंवा लागलेला पटला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्यांचा चौकशीचा नंबर १४४४८.

चुकीच्या माणसाला गेले तर काम अवघड होतं. तुम्ही सही केली आहे, बँकेने ती मानली आहे. आता समोरच्याच्या संमतीशिवाय बँक त्याच्या खात्यातून परस्पर पैसे ओढू शकत नाही. बँक निरोप पाठवते, विनंती करते. बहुतेक माणसं सज्जन असतात, देतात. पण मुळात पाठवण्याआधी नाव वाचा. ३० जून २०२५ पासून अ‍ॅपला समोरच्याचं बँकेतल्या नोंदीप्रमाणे असलेलं नाव दाखवावं लागतं. तुम्ही त्याला 'पिंट्या दूधवाला' म्हणून साठवलं असलं तरी पडद्यावर त्याचं पूर्ण नाव येईल. चौकातल्या टपरीवर पैसे देताना भलत्याच राज्यातल्या माणसाचं नाव आलं तर टपरीवाल्याला विचारा. कुणीतरी त्याच्या क्यूआरवर आपला कागद चिकटवलेला असू शकतो.

दुकानदारांना उलटा धोका. गिऱ्हाईक 'पैसे गेले' असा हिरवा पडदा दाखवतं, आणि तसा पडदा दाखवणारी बनावट अ‍ॅप आहेत. बोलणारा डबा बोलला किंवा आपल्या फोनवर रक्कम दिसली, तरच माल द्यायचा.

दर महिन्याला १९९ कुठे जातात?

ऑटोपेला. एक महिना फुकट म्हणून नातवाने काहीतरी सुरू केलं, आजोबांनी एकदा पिन टाकला, आणि तेव्हापासून ती पुढच्या तारखेच्या कोऱ्या चेकांची चवड झाली. साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतचे पुढचे हप्ते पुन्हा पिन न विचारता जातात. रक्कम जाण्याआधी २४ तास सूचना येते, पण शंभर सूचनांच्या ढिगात ती कोण वाचतो? यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेचं पान असतं. तिथे जाऊन नको ते रद्द करा. नुसतं ते अ‍ॅप फोनमधून काढून टाकल्याने हप्ता थांबत नाही.

"ओटीपी कुणालाच दिला नाही, तरी गेले"

हे वाक्य ऐकलं की मला पूर्वी वाटायचं, माणूस लाजेने लपवतोय. आता कळतं की बरेचदा तो खरंच बोलत असतो. ओटीपी त्याने दिलेला नसतो, त्याच्या फोनने दिलेला असतो.

लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येते. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. कधी पत्रिकेऐवजी वाहतुकीचं चलान असतं, कधी किसान योजनेचा हप्ता, कधी वीज तोडण्याची नोटीस. पाठवणारा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच ठगांच्या ताब्यात गेलेला असतो. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अख्खं अ‍ॅप. पत्रिका फोटोत येते, नाहीतर पीडीएफमध्ये. पत्रिका बघायला कधी काही इन्स्टॉल करावं लागत नाही. तुम्ही त्यावर बोट ठेवता, फोन इशारा देतो की हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणाहून आलंय, आणि तुम्ही 'तरीही चालू दे' म्हणता.

मग ते अ‍ॅप परवानगी मागतं. पहिली एसएमएस वाचायची. ती दिलीत की बँकेचा प्रत्येक ओटीपी तुमच्या नजरेला पडायच्या आत दुसरीकडे पोचतो. आधी सांगितलेली ती सिम-फोनची गाठ एसएमएसवरच बांधलेली असते, त्यामुळे एसएमएस पाठवायची मुभाही दिलीत तर गाठच सैल झाली. दुसरी परवानगी 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' नावाची. ही सोय मुळात दृष्टिहीन आणि अपंग माणसांसाठी. पडद्यावर काय आहे ते वाचायचं आणि त्यांच्या वतीने बटणं दाबायची. चांगल्या कामासाठी केलेली ही खिडकी चोराला फार आवडते. तुम्ही झोपलेले असताना तो तुमच्याच फोनची बटणं दाबू शकतो.

म्हणून कुठलंही नवीन अ‍ॅप परवानगी मागतं तेव्हा एवढंच विचारा: ह्याच्या कामाचा आणि ह्या मागणीचा संबंध काय? नकाशाला तुम्ही कुठे आहात ते कळायला हवं, हे बरोबर. टॉर्चला तुमचे एसएमएस कशाला हवेत? आयफोनवर बाहेरची अ‍ॅप अशी सहज बसत नाहीत, पण आयफोनवाल्यांनी हसू नये. खोट्या बँकेचं पान त्यांच्याही फोनवर तसंच उघडतं.

याच कुटुंबातला दुसरा प्रकार म्हणजे स्क्रीन शेअर. "काका, तुमची केवायसी मी इथूनच करून देतो, फक्त हे अ‍ॅप घ्या आणि त्यात दिसणारे नऊ आकडे सांगा." रिझर्व्ह बँकेने याबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. आता तर वेगळं अ‍ॅपही लागत नाही, व्हिडिओ कॉलमध्येच पडदा दाखवायची सोय आहे. पडदा दाखवताय म्हणजे तुमच्या खांद्यामागे उभं राहून कुणीतरी पासबुक वाचतंय.

एपीके बसवून झालंच असेल तर घाबरून फोन चाळत बसू नका. आधी डेटा आणि वायफाय बंद करा, विमान मोड लावा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे ऑनलाइन व्यवहार थांबवा. मग फोन आणा. भाचा अशा फोनमधले तुमचे फोटो आधी बाजूला काढून ठेवतो आणि सरळ फॅक्टरी रीसेट मारतो. नुसतं ते अ‍ॅप शोधून काढायच्या भानगडीत तो पडत नाही, कारण अशी अ‍ॅप स्वतःचं चिन्ह लपवतात.

बँकेचाच एसएमएस आहे हे कसं ओळखायचं? पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर असतं. जाहिरात असेल तर पी, सेवेची सूचना असेल तर एस, व्यवहार किंवा ओटीपी असेल तर टी, सरकारी असेल तर जी. दहा आकडी साध्या नंबरवरून 'तुमचं खातं बंद होतंय' असा एसएमएस आला तर तो बँकेचा नव्हे. बँकांच्या वेबसाइटचे पत्तेही रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने 'बँक डॉट इन' या शेपटावर गेले आहेत. आणि कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे ठगांनीच आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. डेबिट कार्ड पालथं करा, नंबर तिथे छापलेला असतो.

फोन हरवला

गर्दीत, एसटीत, जत्रेत फोन गेला की माणूस पहिल्यांदा स्वतःच्याच नंबरवर सारखा फोन लावत बसतो. दोनदा लावा, उचलला नाही तर पुढच्या कामाला लागा.

आधी सिम बंद करा. लोक म्हणतात, माझ्या फोनला पॅटर्न आहे, कशाची भीती? पॅटर्न फोनला आहे, सिमला नाही. चोर टाचणीने ट्रे काढतो, सिम आपल्या साध्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी आरामात वाचतो. यावर एक जुना उपाय आहे आणि तो फारसं कुणी वापरत नाही: सिम पिन. फोनच्या सेटिंगमध्ये सिम लॉक असतं. ते लावलं की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी पिन मागतं. तीनदा चुकला की कुलूप उघडायला कंपनीकडचा आठ आकडी पीयूके लागतो, आणि तोही दहादा चुकला की सिम कायमचं मेलं. सुरुवातीचा पिन कंपनीकडून नीट विचारून घ्या, अंदाजाने आकडे मारत बसू नका. आमच्या दुकानात एकाने मारले, आणि मग सिमसाठी दोन दिवस रांगेत उभा राहिला.

सिमनंतर बँक. मग गूगलच्या फोन शोधण्याच्या पानावर जाऊन फोनला दुरून कुलूप घाला. नंतर पोलिसांत तक्रार, तिची प्रत, आणि त्याच नंबरचं नवीन सिम. हे हातात आलं की केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, नोंदवा. मग तो फोन देशातल्या कुठल्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही. कुणी त्यात सिम घातलं तर माग लागतो, आणि असे फोन परत मिळाल्याची उदाहरणं आहेत. हा पंधरा आकडी क्रमांक फोनवर *#०६# दाबलं की दिसतो. पण फोन गेल्यावर कुठे दाबणार? म्हणून भाचा आता प्रत्येक बिलावर तो लिहून देतो. याच पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही कळतं. एकदा बघाच. काहींच्या नावावर त्यांनी कधी न पाहिलेला नंबर निघतो.

यूपीआय लाइट वापरत असाल तर त्यातली रक्कम गेली असं धरा. तिथे पिन लागत नाही. एका वेळी १,००० रुपये आणि एकूण ५,००० पर्यंत ठेवता येतात. सुट्टे पैसे खिशात ठेवावेत इतपत ते ठीक. माझं स्वतःचं मत विचाराल तर यूपीआयसाठी वेगळं बचत खातं काढा, त्यात महिन्याचा बाजारहाट होईल एवढेच पैसे ठेवा, आणि पेन्शनचं खातं फोनला जोडूच नका. बँकेतल्या पोरांना हा सल्ला आवडत नाही.

भाच्याच्या टेबलावरचं

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी ओसरल्यावर दुकानात फोनची अक्षरशः चळत लागली होती. त्यातले निम्मे तांदळाच्या डब्यातून आले होते. तांदूळ फोनच्या आतलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची पूड चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते. अ‍ॅपल कंपनीने तर तांदळात ठेवू नका असं लिहूनच सांगितलं आहे. फोन मरतो तो पाण्याने कमी आणि पाण्यात असताना वीज खेळत राहिल्याने जास्त. पाण्यातल्या क्षारांमुळे बोर्डावर हिरवट गंज चढतो. म्हणून भिजला की ताबडतोब बंद करा. चालू होतो का म्हणून बघू नका. चार्जरला तर मुळीच लावू नका. पुसा, सिमचा ट्रे काढा, चार्जिंगचं भोक खाली करून वाऱ्यावर ठेवा आणि त्याच दिवशी उघडून साफ करून घ्या. पुराच्या गढूळ पाण्यातला फोन तीन दिवसांनी आणलात तर भाचाही हात जोडतो.

'वॉटरप्रूफ' शब्दावर विसंबू नका. आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल गोड्या, स्थिर पाण्यात तीस मिनिटं, तेही प्रयोगशाळेत आणि नव्या फोनवर. फोन एकदा उघडला की आतला चिकट पट्टा तुटतो. तो नवा बसवला नाही तर पहिल्याच पावसात पाणी आत.

बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल तर ते दाबून बसवू नका, टोचू नका, चार्ज करू नका. आत रसायनं बिघडून वायू साचलेला असतो. रात्रभर चार्जिंगला लावावं का, हा नेहमीचा प्रश्न. शंभर टक्के झालं की फोन स्वतःच वीज घेणं थांबवतो, त्यामुळे स्फोटबिट होत नाही. पण बॅटरीला उष्णता आणि सतत गच्च भरलेलं राहणं, दोन्ही सोसत नाही. उशीखाली चार्जिंग नको, गाडीच्या हँडलवर मे महिन्याच्या उन्हात नकाशा चालू ठेवून चार्जिंग नको. ८० टक्क्यांवर थांबायची सोय फोनमध्ये असेल तर चालू करा.

फोन चार्ज होत नाही म्हणून आलेल्या दहांपैकी दोन-तीन फोनांत भाचा बंद फोनच्या भोकातून लाकडी काडीने खिशातला कापूस काढतो आणि पैसे घेत नाही. हेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी डिस्प्ले बदलायला त्याच्याकडेच येतं, असा त्याचा हिशोब आहे.

डिस्प्लेला बाजारात फोल्डर म्हणतात. दर विचारण्याआधी विचारा, कंपनीचा की कॉपी? ओलेड पडद्याच्या जागी स्वस्तातला एलसीडी बसवला की रंग फिके पडतात, आणि पडद्याखाली बोट ठेवून उघडणारा फोन बोट ओळखेनासा होतो, कारण त्या जाड पडद्यातून खालच्या सेन्सरला बोट दिसत नाही. कॉपी बसवू नये असं नाही. सहा वर्षांच्या फोनला महागडा पडदा कशाला? पण काय बसवलंय ते बिलावर लिहून घ्या आणि जुना भाग मागून घ्या.

आता ज्यावरून माझं आणि भाच्याचं भांडण झालं ते. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक फोनवर तो एक चिकटपट्टी लावायचा आणि तिच्यावर गिऱ्हाइकाच्या पॅटर्नचं चित्र काढायचा. सगळीच दुकानं लावतात. टेस्टिंगला लागतं, हे खरं. पण ही तर दाराला किल्ली लटकवून ठेवण्याची तऱ्हा झाली. काही कंपन्यांच्या फोनमध्ये यासाठी वेगळी सोय आहे, सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड. ती लावली की दुरुस्ती करणाऱ्याला फोन तपासता येतो, तुमचे फोटो, एसएमएस, अ‍ॅप दिसत नाहीत. तुमच्या फोनमध्ये ती नसेल तर सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, पैशांच्या अ‍ॅपमधून बाहेर पडा, शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्या. पॅटर्न दिलाच तर घरी जाऊन बदला. भाचा आता पट्टीवर फक्त नाव लिहितो. पॅटर्न गिऱ्हाईक स्वतः येऊन उघडून देतं. थोडा वेळ जातो.

जुना फोन विकताना आधी गूगल खात्यातून बाहेर पडा, मग रीसेट करा. सेटिंगमधून न जाता बटणं दाबून रीसेट केलात तर फोन चालू होताना तुमचंच खातं मागतो, आणि घेणारा तुमच्या दारात येतो. सेकंडहँड घेणाऱ्यांनी केवायएम आणि पुढे आयएमईआय क्रमांक टाकून १४४२२ वर एसएमएस पाठवावा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं.

गेलेच तर

१९३०. हा देशभरचा सायबर फसवणुकीचा नंबर. फोन लावताना खातं कुठल्या बँकेत, रक्कम किती, वेळ काय आणि यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. चोरलेले पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत. पहिल्यातून दुसऱ्यात, तिथून पाच खात्यांत, आणि शेवटी एटीएममधून बाहेर. ही मधली खाती बरेचदा दोन-चार हजारांसाठी आपलं पासबुक आणि एटीएम कार्ड 'भाड्याने' दिलेल्या कॉलेजच्या पोरांची असतात, आणि पोलीस आधी त्यांच्याच दारात येतात. साखळीत पैसे असतानाच कुठेतरी ते गोठवता आले तर परत मिळायची आशा. म्हणून पहिला तास मोलाचा.

बँकेलाही त्याच वेळी कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तत्त्व घालून दिलं आहे. तुमची चूक नाही, बँकेचीही नाही, मधल्या कुणीतरी केलं, आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक तुमचीच असली तरी कळवण्यात फायदा आहे. काउंटरवर मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. माणूस फसतो सोमवारी आणि बँकेत येतो शुक्रवारी, तेही मुलाला कळू देऊ नका म्हणत. मधल्या चार दिवसांत आणखी दोनदा पैसे गेलेले असतात.

कॉटवाले गृहस्थ परवा आले होते. कॉट गल्लीतल्याच एकाने घेतली, दोन हजारांना. पैसे यूपीआयने आले. "पिन नाही मागितला," ते भाच्याला म्हणाले, जरा संशयानेच.

भाच्याने दुकानाच्या काचेवर १९३० चा कागद चिकटवलाय, मोठ्या आकड्यांत. एका मावशींनी तो दुकानाचाच नंबर समजून घरून लावला होता. त्यांना टाइप-सी चार्जरची किंमत विचारायची होती.